कुंडीतल्या लिंबावरच्या अळ्या नीलवंताच्या आहेत का?

विचारणाऱ्या ताई डोंबिवलीच्या आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कुंडीतलं लिंबाचं रोप आहे आणि आठवडाभरापासून त्याच्या पानांवर पाच-सहा अळ्या बसल्या आहेत, पक्ष्याने घाण केल्यासारख्या दिसणाऱ्या. त्याच दिवसांत एक मोठं काळं-निळं फुलपाखरू गॅलरीसमोरून दोनदा गेलं. या अळ्या आपल्या राज्य फुलपाखराच्या, म्हणजे नीलवंताच्या असतील का, बरणीत ठेवून त्या मोठ्या करू का आणि एवढं खाऊन रोप जगेल का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

मी बावीस वर्षं ठाणे-रायगड पट्ट्यात लोकांना फुलपाखरांसाठी झाडं लावून देतो आणि घरच्या पडवीत अळ्या पाळतो, त्या अनुभवावरून सांगतो. पहिल्याचं उत्तर ‘बहुधा नाही’, दुसऱ्याचं ‘नको’ आणि तिसऱ्याचं ‘रोप केवढं आहे त्यावर’. पण ताई, तुमच्या लिहिण्यावरून मला वाटतं की तुम्हाला नावापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त छळते आहे. अळ्या नीलवंताच्या निघाल्या तर सांभाळायच्या, नाहीतर झटकून टाकायच्या, असं काहीसं मनात आहे. त्यामुळे ओळख पटवण्याची घाई झाली आहे, आणि नेमकी या वयात ओळख पटत नाही.

लिंबाच्या कुळातल्या झाडांवर आपल्याकडे प्रामुख्याने तीन फुलपाखरं अंडी घालतात. लिंबू फुलपाखरू, कॉमन मॉर्मन आणि नीलवंत म्हणजे ब्लू मॉर्मन. तिघंही एकाच पॅपिलिओ प्रजातीतली आणि तिघांच्याही लहानपणीच्या अळ्या विष्ठेचं सोंग घेतात. तपकिरी-काळसर अंग, मध्ये पांढुरका पट्टा, वरून ओलसर चकाकी. पानावर उघड्यावर बसूनही चिमण्या-बुलबुलांची नजर चुकवायची तर याहून स्वस्त उपाय नाही. या वयात मी स्वतः छातीठोकपणे नाव सांगत नाही. कुंडीत, उन्हात, कोवळ्या पालवीवर पाच-सहा अळ्या एकदम असतील तर मी लिंबू फुलपाखरावर पैज लावीन. ते उघड्यावरचं, उन्हातलं, शहराला सरावलेलं फुलपाखरू आहे. लिंबाच्या नर्सरीवाल्यांना आणि विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना ते चांगलंच माहीत आहे, ‘पानं खाणारी अळी’ म्हणून. कौतुकाने नव्हे! कढीपत्त्यावर अळ्या सापडल्या असत्या तर माझा कल कॉमन मॉर्मनकडे झुकला असता.

आता समोरून गेलेल्या फुलपाखराबद्दल. आकार तुम्ही ‘तळहाताएवढा’ लिहिलाय, तो नीलवंताला जुळतो. पंख पसरले की बारा ते पंधरा सेंटिमीटर भरतात. पुढचे पंख मखमली काळे, त्यांच्या बाहेरच्या भागात शिरांच्या मधून फिकट निळ्या रेघांचा पट्टा. मागच्या पंखांचा बाहेरचा बराचसा भाग आभाळी निळा आणि त्यावर काळे ठिपके. मादीचा निळा रंग नरापेक्षा फिका, थोडा पिवळटाकडे झुकलेला असतो. पंख मिटून बसलं तर खालच्या बाजूला, पंखांच्या मुळाशी लाल ठिपके दिसतात. पुष्कळ लोक फोटोत हे लाल ठिपके बघून दुसरंच काही समजतात. या कुळातल्या बऱ्याच फुलपाखरांच्या मागच्या पंखांना शेपटी असते, याला नसते. उडताना ते एका रेषेत जात नाही, वर-खाली हेलकावे घेत मध्येच दिशा बदलतं. त्यामुळे कॅमेरेवाल्यांचा फार घाम काढतं. तुम्हाला दिसलेल्यात निळा भाग मोठा आणि मागच्या पंखावर होता का, एवढं आठवून बघा. निळ्या रेघा-ठिपक्यांचं पण बरंच लहान आणि संथ उडणारं असेल तर तो ब्लू टायगर.

समोरून नीलवंत गेला म्हणून अंडी त्याने घातली असं मात्र होत नाही. नरच जास्त दिसतात. त्यांना ऊन आवडतं, ते पायवाटा आणि ओढ्यांच्या काठाने फेऱ्या मारतात आणि ओल्या वाळूवर बसून सोंडेने पाणी ओढत राहतात. याला आम्ही चिखलपान म्हणतो. पाण्यापेक्षा त्यातले क्षार त्यांना हवे असतात. मादी मात्र अंडी घालायच्या वेळी वेगळीच वागते. झाडाभोवती खालून, सावकाश घिरट्या घालते, एखाद्या पानावर क्षणभर उतरते, पुढच्या पायांनी पान टपटप बडवते आणि पसंत नसेल तर उठते. पायांवरच्या चवीच्या इंद्रियांनी ती पान चाखत असते. हे तुम्ही एकदा बघितलंत की फोटोची गरज उरत नाही. पान पटलं तर एकच अंडं, गोल, हिरवटसर, आणि मग पुढचं झाड. दोन-तीन दिवसांत ते अंडं पिवळं-नारिंगी होतं. एका लहान रोपावर अंड्यांची दाटी सहसा करत नाही, म्हणूनही तुमच्या पाच-सहांबद्दल मला शंका आहे. पण ‘सहसा’ हा शब्द लक्षात ठेवा. आजूबाजूला दुसरं झाडच नसेल तर मादी तडजोड करते.

ओळख पटायची वेळ येते ती चौथी कात टाकल्यावर. तोवर विष्ठेसारखी दिसणारी अळी एका रात्रीत हिरवीगार होऊन बसते. छातीचा भाग फुगीर आणि त्यावर डोळ्यांसारखे दोन ठिपके. ते खरे डोळे नव्हेत. खरं डोकं खाली लहानसं दडलेलं असतं आणि समोरच्याला वाटतं की एखाद्या छोट्या सापाने मान उचलली आहे. जपानमधल्या संशोधकांनी याच प्रजातीतल्या, लिंबावरच्याच एका फुलपाखरावर हा रंगबदल तपासला तेव्हा असं दिसलं की शरीरातलं एक संप्रेरक कमी झालं की विष्ठेचं सोंग सुटतं आणि हिरवा वेष येतो.

या हिरव्या अळीच्या बाजूला तिरके पट्टे असतात, तिथे बघा. लिंबू फुलपाखराच्या अळीचे पट्टे तपकिरी-काळपट असतात. नीलवंताच्या पट्ट्यांच्या रेषांत निळसर झाक असते. कॉमन मॉर्मन मध्ये घोटाळा करतो, कारण त्याची अळी नीलवंताच्या अळीशी फारच मिळतीजुळती आहे आणि तिथे आम्हीसुद्धा अंगाचा आकार बघून ठरवतो. पूर्ण वाढलेली नीलवंताची अळी चांगली जाडजूड, हाताच्या करंगळीएवढी होते. ती पानाच्या वरच्या बाजूला, मधोमध, स्वतः विणलेल्या रेशमाच्या गादीवर बसलेली असते, खायला जाते आणि बरेचदा परत तिथेच येते. काडीने हलकेच डिवचलं तर मानेमागून दोन शेंड्यांचं, शिंगासारखं लालसर इंद्रिय बाहेर काढते. त्याचा वासही वयाप्रमाणे बदलतो. लहानपणी लिंबाच्या सालीसारखा, मोठेपणी खवट लोण्यासारखा. मुलांना दाखवायला एकदा ठीक आहे, उगाच दहा वेळा त्रास देऊ नका.

कारवारला वनखात्यात असलेल्या टी. आर. बेल यांनी शंभर वर्षांपूर्वी पश्चिम घाटातल्या फुलपाखरांच्या अळ्या घरी पाळून त्यांच्या जीवनक्रमाच्या बारीक नोंदी केल्या आणि त्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये छापल्या. आमच्यासारखे लोक अजून त्या वाटेवरच चालतात. अळी कोणत्या झाडावर सापडली, पानाच्या कुठल्या बाजूला बसली होती, कशी वागत होती, या गोष्टी आधी आणि रंग नंतर. तुम्हीही वहीत एवढंच लिहा.

आता बरणी. सुरुवातीच्या वर्षांत मीही बरण्या भरल्या. झाकणाला भोकं, आत ओली पानं, लेंड्या दोन दिवसांनी काढायच्या. एका पावसाळ्यात सात अळ्या एका बरणीत ठेवल्या होत्या. त्यातल्या चार काळ्या पडून लोंबकळल्या आणि फुटून पाणी झाल्या. दाटी आणि दमट कोंदटपणा मिळाला की अळ्यांचे विषाणू असे पसरतात. दोन कोशात गेल्या, त्यातल्या एकातून फुलपाखराऐवजी चिलटांएवढ्या गांधीलमाश्या निघाल्या. त्या माश्यांच्या आईने बाहेरच आपली अंडी घातलेली असतात, आपण दोष बरणीला देतो. सातवी खरंच फुलपाखरू झाली, पण बरणीच्या गुळगुळीत काचेवर तिला पाय रोवता आले नाहीत. ती खाली पडली आणि पंख चुरगळलेले तसेच वाळले. दोन दिवस तिला साखरपाणी पाजलं. त्यानंतर मी बरण्या वापरल्या नाहीत.

ठेवायच्याच असतील तर रोपावरच ठेवा आणि रोपाला जाळीचं कापड सैल गुंडाळा, कुंडीच्या कडेला दोरीने आवळून. मच्छरदाणीचा जुना तुकडा चालतो. कापड पानांना चिकटू देऊ नका. कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवली तर मुंग्या चढत नाहीत. कोळी, सरडे, प्रार्थनाकीटक, गांधीलमाश्या आणि बुलबुल यांच्या तडाख्यातून बाहेरच्या बहुतेक अळ्या वाचत नाहीत, हे खरं आहे. जाळी लावायची की निसर्गावर सोडायचं, हा तुमचा निर्णय. मी हल्ली एखाद-दुसऱ्या अळीलाच जाळी लावतो, तीही शाळेची मुलं बघायला येणार असतील तर.

नीलवंताच्या वेळेचा अंदाज देतो, पण तो ऊन-पावसावर मागेपुढे होतो. अंडं तीन ते पाच दिवस. अळी साधारण तीन ते चार आठवडे. कोश दोनेक आठवडे, थंडीत त्याहून जास्त. लिंबू फुलपाखरू यापेक्षा बरंच लवकर आटपतं. तुमच्या अळ्या पुढच्या आठ-दहा दिवसांतच हिरव्या होऊन कोशात गेल्या तर तेही उत्तरच समजा.

कोशात जाण्याआधी अळी एकदम खाणं थांबवते, पातळ शी करते, थोडी आक्रसते आणि चालू लागते. या दिवशी लोक घाबरून मला फोन करतात की अळी आजारी पडली, पळून गेली. आजारी नसते. तिला कोशासाठी जागा हवी असते आणि ती कधीकधी रोप सोडून गॅलरीच्या गजावर, कपड्यांच्या दोरीवर, चपलांच्या मांडणीवरही जाऊन बसते. शेपटीकडे रेशमाचा ठिपका लावून टोक अडकवते, पाठीभोवती रेशमाचा एक धागा घेते आणि मागे रेलून राहते, झाडावर चढणारा पाडेली कमरेच्या दोरावर रेलतो तशी. दुसऱ्या दिवसापर्यंत शेवटची कात गळते आणि कोश तयार. हिरव्या पानांत असेल तर बहुधा हिरवा, वाळक्या काडीवर असेल तर तपकिरी. धागा तुटला आणि कोश पडला तर घाबरू नका. तो खडबडीत पुठ्ठ्याला टेकवून, टोकाकडचा भाग धाग्याने अलगद बांधून, डोकं वर राहील असा लावा.

शेवटच्या एक-दोन दिवसांत कोशातून पंखांचा काळा-निळा रंग दिसू लागतो. नीलवंत असेल तर इथे शंका उरत नाही. फुलपाखरू बहुधा सकाळी बाहेर पडतं. पोट फुगलेलं, पंख ओल्या रुमालासारखे. त्याला वर चढायला खरखरीत आधार आणि खाली पंख लोंबायला पुरेशी मोकळी जागा लागते, बस्स. लालसर तपकिरी पाण्याचे थेंब टाकेल, ते रक्त नव्हे, कोशातला साठलेला मळ. दोन-तीन तास त्याला हात लावू नका.

हे फुलपाखरू मुळात कुठलं, हे कळलं तर गॅलरीबद्दलच्या अपेक्षाही जाग्यावर येतील. नीलवंत दक्षिण भारत, पश्चिम घाट आणि श्रीलंकेतला. जास्त पावसाचं, झाडोऱ्याचं रान त्याला हवं. आपल्याकडे आंबोली, कोयना, फणसाड, कर्नाळा, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, येऊर, तिथून खाली गोव्यात आणि पुढे केरळपर्यंत. घाट ओलांडून पूर्वेला कोरडं होत गेलं की तोही विरळ होतो. वर्षभर दिसतो, पण पाऊस स्थिरावल्यावर आणि त्यानंतरच्या महिन्यांत खरी मजा. उन्हाळ्यात कमी. महाराष्ट्राने जून २०१५ मध्ये त्याला राज्य फुलपाखरू ठरवलं, तेव्हा असं मानचिन्ह निवडणारं हे देशातलं पहिलं राज्य होतं. त्या वेळी वर्तमानपत्रांत ‘राणी पाकोळी’ हे नाव आलं होतं, म्हणून काही जण अजून तेच म्हणतात. मला ‘नीलवंत’ आवडतं. दुर्मिळ मात्र ते नाही. राज्य फुलपाखरू म्हणजे संकटात सापडलेलं, असा समज पुष्कळांचा आहे आणि तो चुकीचा आहे. माणसाने अंगणात लिंबू, पपनस, महाळुंग लावल्यामुळे जंगलाबाहेरच्या झाडीदार गावांत आणि शहरांतही ते येतं. डोंबिवलीत दिसणं अगदी शक्य आहे.

तुम्हाला नीलवंतच हवा असेल तर लिंबाच्या रोपावर डोळे लावून बसण्यापेक्षा त्याचं मूळ खाद्य लावा. रानात तो माकडलिंबू आणि किरमिरा या लिंबाच्याच कुळातल्या झुडपांवर वाढतो. माकडलिंबाचं रोप सावकाश वाढतं, पहिली दोन वर्षं काहीच होत नाही असं वाटतं, पण सोसायटीच्या आवारात, कंपाउंडजवळच्या अर्धवट सावलीत जमिनीत लावलं तर दहा कुंड्यांपेक्षा ते सरस. जागा बरी असेल तर पपनस लावा, पानं मोठी असल्याने नीलवंताच्या अळीचं पोट त्यावर चांगलं भरतं. मधासाठी एक्झोरा, पेंटास, मुसेंडा, जास्वंद चालतील. फुलं लावली की फुलपाखरं येतात, राहायची मात्र पानांमुळे. माझ्या गिऱ्हाइकांना हे पटवण्यात अर्धा दिवस जातो.

रोप कुठून आणता याकडेही लक्ष द्या. एकदा मी एका नर्सरीतून लिंबाची आठ देखणी रोपं आणली, एकाही पानाला भोक नाही. पडवीत ठेवल्यावर आठवड्याभरात त्यांच्यावरच्या सगळ्या अळ्या वाळून पडल्या. रोपांना आत मुरणारं कीटकनाशक दिलेलं होतं. तेव्हापासून नवीन रोप दोन-तीन महिने बाजूला ठेवतो, जुनी पानं गळून नवी फुटेपर्यंत. आणि कडुनिंबाचं तेल ‘नैसर्गिक’ आहे म्हणून मावा घालवायला फवारलंत तर अळ्यांचंही खाणं आणि कात टाकणं थांबेल. दोन्ही एका रोपावर जमत नाही.

राहिलं तुमचं रोप. फूट-दीड फुटाचं असेल तर पाच-सहा अळ्या त्याचं झाडू करतील. खाण्याचा मोठा वाटा त्या शेवटच्या हिरव्या अवस्थेत खातात, त्यामुळे आज पानं पुरतील असं वाटतं आणि चार दिवसांनी काड्या उरतात. लिंबू त्यातून पुन्हा फुटतो, फक्त त्या मोसमात फळांची आशा सोडा. पानं संपत आली तर बाजारातून लिंबाच्या फांद्या आणू नका, फवारलेल्या असतात. शेजारी-पाजारी फवारणी न केलेलं लिंबाचं झाड असेल तर एक-दोन अळ्या पानासकट तोडून तिकडे पानावर ठेवा. अळी ओढून काढू नका, रेशमाच्या गादीवर तिचे पाय अडकलेले असतात. ते पान वाळलं की ती स्वतःच नव्या पानावर जाते. लिंबावरून कढीपत्त्यावर टाकणं टाळा. कुठल्या जातीची आहे हे नक्की होईपर्यंत तर नकोच.

तर सध्या काहीच करू नका, बघत राहा. हिरवी झाली की बाजूने, सकाळच्या उजेडात, तिरके पट्टे स्पष्ट येतील असा फोटो टाका. शेजारी आगपेटीची काडी ठेवा म्हणजे आकार कळेल. वरून काढलेल्या फोटोचा उपयोग नाही, त्यात फक्त खोटे डोळे दिसतात.